पंचविशीत छातीत दुखलं तर ‘गॅस असेल’ हे सगळ्यात शेवटी म्हणायचं

पंचविशी-तिशीतली सिगरेट ओढणारी पोरं एक तक्रार हमखास करतात, की छातीत काहीतरी होतंय. नीट दुखतंय असंही नाही, कधी जड वाटतं, कधी डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येऊन जाते, कधी दोन मजले चढले की छाती आवळल्यासारखी होते. मग रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधाशोध, तिथे पहिल्या ओळीत हार्ट अटॅक आणि दुसऱ्या ओळीत कॅन्सर, झोप उडते, सकाळी ऑफिसखालच्या टपरीवर विषय निघतो आणि मित्र सांगतात अरे गॅस झाला असेल, इनो घे. इनो घेतला, ढेकर आला, हलकं वाटलं, की विषय संपला आणि लगेच दुसरी शिलगावली.

ह्यात सगळ्यात घातक आहे ते टपरीवरचं निदान. गॅस असूही शकतो, बहुतेकदा तसलंच काहीतरी निघतं, पण गॅस हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, धोक्याच्या गोष्टी तपासून बाजूला काढल्यावर. आणि ते तपासायचं काम घरी बसून, छातीवर हात ठेवून, अंदाजाने होत नाही.

आधी थोडा दिलासा देतो. तिशीच्या आतल्या माणसाच्या छातीत दुखतं तेव्हा बहुतेक वेळा कारण हृदय नसतं. स्नायू, बरगड्यांचे सांधे, ॲसिडिटी, खोकला, टेन्शन ह्यातलंच काहीतरी असतं. पण ‘बहुतेक वेळा’ हा हिशोब सगळ्या तरुणांना मिळून आहे, त्यात न ओढणारेही आले. सिगरेट ओढणाऱ्याला वयाची ती सवलत पुरती मिळत नाही. त्यात आपण भारतीय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंटरहार्ट नावाचा ५२ देशांमधला मोठा अभ्यास आला होता, त्याच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ ह्या आपल्या पट्ट्यात पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षाच्या आसपास येतो आणि बाकी जगात ५८-५९च्या आसपास. म्हणजे आपलं घड्याळ आधीच पाच-सहा वर्षं पुढे आहे, सिगरेट ते अजून पुढे ढकलते. चाळिशीच्या आत ज्यांना अटॅक येतो त्यांची हिस्ट्री काढली की तंबाखू ह्या ना त्या रूपात बहुतेकदा सापडते, कुठल्याही कार्डिॲक आयसीयूतल्या डॉक्टरला विचारा.

सिगरेटने फुफ्फुसं खराब होतात हे पाकिटावरच्या चित्रामुळे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे लोकांना वाटतं की नुकसान व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, आत्ता मजा करू मग सोडू. फुफ्फुसाच्या कॅन्सरबाबत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हृदयाचं तसं नाही. कश मारला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं, ॲड्रेनलिन सुटतं, ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढतात, बीपी चढतं. म्हणजे हृदयाला जास्त काम, जास्त ऑक्सिजन हवा. आणि नेमकं त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो, तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, त्यामुळे तेवढी ऑक्सिजन वाहून नेण्याची जागा अडते. तो निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, दर दोन तासांनी ओढणाऱ्याच्या रक्तातून तो दिवसभर जातच नाही. मागणी वाढवली आणि पुरवठा कापला, दोन्ही एकाच काडीत. त्यात भर म्हणजे रक्तवाहिनीच्या आतलं जे नाजूक अस्तर असतं ते धुराने बिघडतं आणि रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकट होतात, म्हणजे गुठळी व्हायला तयारच बसलेल्या.

हार्ट अटॅकबद्दल आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं, की नळाच्या पाइपात क्षार साचत साचत जातो तशी चरबी साचत जाते आणि एक दिवस पाइप बंद. म्हातारपणी थोडंफार तसं होतं. तरुण स्मोकरच्या अटॅकमध्ये बऱ्याचदा रक्तवाहिनी आधी तशी मोकळीच असते, भिंतीत एक छोटासा चरबीचा थर असतो ज्याने रक्ताला अडथळा होतच नसतो, तो थर अचानक तडकतो, शरीराला वाटतं इथे जखम झाली, प्लेटलेट धावतात आणि काही मिनिटांत तिथे गुठळी. म्हणूनच ‘गेल्या महिन्यात कंपनीचं फुल बॉडी चेकअप झालं, सगळं नॉर्मल होतं’ हे वाक्य ऐकून फार हायसं वाटून घेऊ नका. ट्रेडमिलवर पळवून जी स्ट्रेस टेस्ट करतात तिच्यात साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त ब्लॉकेज असलं तरच ते नीट दिसतं, तीस टक्क्यांचा थर उद्या तडकणार आहे की नाही हे तिला कळत नाही. आज छातीत दुखतंय तर आजचा ईसीजी हवा, मागच्या महिन्याचा रिपोर्ट फाइलीत राहू दे.

अजून एक प्रकार आहे जो तरुण स्मोकरमध्ये खास दिसतो आणि ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. हृदयाला रक्त देणारी नस आवळली जाते, म्हणजे तिचा पेटका येतो, पायाला गोळा येतो तसाच पण हृदयाच्या नसेला. हा बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत येतो, आराम करत असताना, काही धावपळ नाही काही नाही, माणूस झोपेतून छाती दाबत उठतो, पाच-दहा मिनिटांनी आपोआप थांबतं आणि सकाळी डॉक्टरकडे गेला की ईसीजी एकदम क्लीन. सिगरेट हे ह्याचं मोठं कारण आहे. असं पहाटेचं दुखणं पुन्हा पुन्हा होत असेल तर ‘माझा ईसीजी नॉर्मल आला’ म्हणून सोडून देऊ नका, कार्डिओलॉजिस्टला वेळ सांगा, किती वाजता येतं, किती वेळ राहतं, त्या माहितीचा निदानाला मोठा उपयोग होतो.

इथे कोणीतरी म्हणणार, अरे पण मी दिवसाला दोनच ओढतो. हे इतक्या जणांना वाटतं की त्यावर वेगळं लिहायलाच हवं. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आधीच्या खूप अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयरोगाचा जो जादा धोका असतो त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात निघालं. एक विसांश नाही, निम्मा. कॅन्सरचं गणित बऱ्यापैकी जितक्या सिगरेटी तितका धोका असं चालतं, हृदयाचं गणित तसं नाही, पहिल्या एक-दोन सिगरेटींतच चढाचा मोठा भाग येऊन जातो. त्यामुळे ‘कमी केलीय’ हे ऐकायला बरं असलं तरी हृदयाला त्यात फारसं काही मिळत नाही.

बिडीवाल्यांनी सुटलो म्हणू नये. इंटरहार्टच्याच तंबाखूवरच्या विश्लेषणात बिडी ओढणाऱ्यांत अटॅकचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आणि नुसती तंबाखू खाणाऱ्यांतही दुपटीहून जास्त दिसला. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे कारण महाराष्ट्रात धुरापेक्षा चुना-तंबाखू, मशेरी, गुटखा हेच जास्त चालतं, २०१६-१७च्या सरकारी सर्वेक्षणात राज्यात साधारण २४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू घेणारे निघाले आणि धूर ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. आणि गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे, असो. हुक्क्याबद्दल कॉलेजच्या पोरांत अजून समज आहे की पाण्यातून गाळून येतो म्हणजे सेफ. पाण्याने धूर गार होतो एवढंच. तासभराच्या बैठकीत एका सिगरेटीच्या कितीतरी पट धूर आत जातो आणि वरचा कोळसा वेगळा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो, हुक्का मारून चक्कर येते आणि डोकं जड होतं ते बहुतेक त्यामुळेच. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून आणि ई-सिगरेटवर देशभरात २०१९ पासून बंदी आहे, तरी दोन्ही मिळतं, त्यामुळे डॉक्टरने सिगरेट ओढतोस का विचारलं तर हुक्का आणि व्हेप (ई-सिगरेट) हेही ‘हो’मध्येच धरायचं.

आता हृदय सोडून बाकी कारणं, कारण शेवटी बहुतेकांचं तिथेच निघणार आहे.

ॲसिडिटी एक नंबर. सकाळी उठून रिकाम्या पोटी कटिंग आणि सिगरेट, नाश्ता अकराला, तोही वडापाव, रात्री अकराला बिर्याणी आणि लगेच आडवं, मग छातीत जळणार नाही तर काय होणार. निकोटिनमुळे अन्ननलिका आणि पोट ह्यांच्यामधली झडप सैल पडते आणि ॲसिड वर येतं. छातीच्या मधोमध जळजळ, तोंडात आंबट पाणी, झोपलं की वाढतं, वाकलं की वाढतं. ओळखीचं वाटत असेल. पण अन्ननलिका आणि हृदय ह्यांच्या दुखण्याच्या वायरी मेंदूकडे जाताना इतक्या जवळून जातात की मेंदूलाच बऱ्याचदा कळत नाही नक्की कोण ओरडतंय. म्हणून ॲसिडिटीने हुबेहूब अटॅकसारखं दुखू शकतं आणि अटॅकमध्येही जळजळ, मळमळ, ढेकर हे सगळं होऊ शकतं. आणि हे नीट लक्षात ठेवा, जेलुसिल किंवा इनो घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. हृदयाचं दुखणंही मधे मधे ओसरतं, तुम्ही नेमका तेव्हाच इनो घेतलेला असतो आणि श्रेय त्याला जातं.

स्नायू आणि बरगड्या. जिममध्ये नव्याने बेंच प्रेस सुरू केलंय, किंवा आठ दिवस खोकून खोकून बरगड्या दुखतायत, किंवा छातीच्या मधल्या हाडाला जिथे बरगड्या जोडल्यात तिथे सूज आहे. बोटाने दाबलं की बरोबर तिथेच दुखतं, कुशीवर वळलं की दुखतं, खोल श्वास घेतला की दुखतं. हे त्रासदायक असतं पण धोक्याचं नसतं.

फुफ्फुसाच्या बाजूला एक गोष्ट आहे जी नेमकी तरुण स्मोकरलाच गाठते, आणि तिच्याबद्दल माहिती नसल्यामुळे लोक दोन-दोन दिवस अंगावर काढतात. उंच, सडपातळ मुलगा, वीस-पंचविशीतला, सिगरेट किंवा गांजा ओढणारा, बसल्या जागी अचानक एका बाजूला चाकू खुपसल्यासारखं दुखतं आणि श्वास अपुरा पडायला लागतो. फुफ्फुसाच्या टोकाला पातळ कातडीचे छोटे फुगे तयार झालेले असतात, त्यातला एखादा फुटतो, हवा फुफ्फुसाच्या बाहेर निसटून छातीच्या पोकळीत साचते आणि फुफ्फुस त्या दाबाने चिमतं. डॉक्टर ह्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. पुरुषांमध्ये ओढणाऱ्याला ह्याचा धोका न ओढणाऱ्याच्या वीसपटीच्या आसपास असतो, आकडा छापताना चूक झालेली नाही. गंमत, गंमत कसली म्हणा, अशी की पहिली तीव्र कळ काही तासांत कमी होऊ शकते आणि माणसाला वाटतं बरं झालं, फुफ्फुस मात्र चिमलेलंच असतं. छातीचा साधा एक्स-रे काढला की बहुतेक वेळा कळतं. हवा थोडी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, जास्त असेल तर सुईने किंवा नळी घालून काढतात, आणि पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, विशेषतः सिगरेट चालू ठेवली तर.

बाकीची कारणं पटापट सांगतो. ताप येऊन गेल्यावर आठवडाभरात छातीत दुखायला लागलं, आडवं झालं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, तर हृदयाच्या आवरणाला किंवा स्नायूला सूज असू शकते, ह्यातही ईसीजी लागतोच. लांबचा बसचा प्रवास, प्लास्टरमधला पाय किंवा ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी सुजली आणि मग दम लागून छातीत दुखलं, तर पायातली गुठळी फुफ्फुसात गेली असेल, ही सरळ इमर्जन्सी. सिगरेट ओढणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींनी हे विशेष लक्षात ठेवायचं, दोन्ही मिळून गुठळीचा धोका वाढतो, गायनॅकला सिगरेटचं सांगितल्याशिवाय त्या गोळ्या सुरू करू नका, आणि पस्तिशीनंतर सिगरेट चालू असेल तर डॉक्टर सहसा त्या गोळ्या देतच नाहीत. टीबीही आहे, तंबाखूच्या धुराने टीबीचा धोका वाढतो, दोन आठवड्यांच्यावर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि पॅनिक अटॅक. हा खोटा नसतो, नाटक नसतं, छाती खरंच आवळते, ठोके धडधडतात, हाताच्या बोटांना मुंग्या येतात, आता मरतोय असं खरंच वाटतं, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग ओसरतं. सिगरेटने टेन्शन उतरतं असं वाटतं ते खरं तर निकोटिनची तलफ उतरते, धडधड उलट वाढते. ज्यांना हे वारंवार होतं त्यांच्यासाठी टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. पण पहिल्यांदाच झालं असेल तर पॅनिक हेही गॅससारखंच, शेवटी ठेवायचं निदान. विशेषतः मुलींच्या बाबतीत ‘टेन्शन घेतेस तू’ म्हणून घरी पाठवणं फार सर्रास चालतं, ईसीजी न काढता कोणी असं म्हणालं तर ईसीजी मागा.

तपासताना डॉक्टर एक साधी गोष्ट करतात. ‘कुठे दुखतंय दाखव.’ ज्याचं स्नायूचं आहे तो बहुतेक वेळा एक बोट ठेवून दाखवतो, इथे, बरोबर इथे. ज्याचं हृदयाचं आहे त्याला बोट ठेवताच येत नाही, तो अख्खा तळहात किंवा वळलेली मूठ छातीच्या मधोमध ठेवतो आणि म्हणतो, इथे सगळीकडे, दडपण आल्यासारखं, कोणीतरी दाबून धरल्यासारखं. दुखतंय हा शब्दही कित्येक जण वापरत नाहीत. आता हे वाचून आरशासमोर उभं राहून बोट की मूठ करत बसू नका, ही खूण मदतीची आहे, पक्की नाही. दाबल्यावर दुखणाऱ्यांमध्येही क्वचित हृदयाचं निघतं.

मग कधी पळायचं? छातीच्या मधे दडपण, आवळणं किंवा जडपणा येऊन दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही तर. तो डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात, पाठीत सरकतोय तर. सोबत दरदरून घाम फुटला, एसीत बसून शर्ट ओला झाला, मळमळतंय, अंधारी येतेय, चेहरा पांढरा पडलाय तर. श्वास घेताना वाक्य पुरं बोलता येत नाही तर. अचानक एका बाजूला कळ आणि दम. बेशुद्ध पडणं. खोकल्यातून रक्त. छातीतून पाठीकडे फाटत गेल्यासारखी भयंकर कळ. ह्यातलं काहीही असेल तर रात्रीचे तीन वाजलेत, सकाळी फॅमिली डॉक्टरला दाखवू, हा विचार करायचाच नाही. आणि डायबेटिस असेल तर दुखणं फार कमी असूनही अटॅक असू शकतो, नुसता घाम आणि दम एवढंच असतं कधीकधी.

पळायचं कसं हेही सांगतो, कारण आपल्याकडे पोरं स्वतः बाइक चालवत हॉस्पिटलला जातात. करू नका. वाटेत ठोका बिघडला तर तुम्हीही जाल आणि समोरचाही. १०८ लावा, महाराष्ट्रात २०१४ पासून आणि गोव्यात त्याच्याही आधीपासून ही ॲम्ब्युलन्स आहे, पैसे लागत नाहीत. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर दुसऱ्या कुणालातरी गाडी चालवायला सांगा, रिक्षा करा, आणि जिथे निदान ईसीजी होतो अशा ठिकाणी जा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि लक्षणं सरळ अटॅकसारखी असतील तर फोनवर डॉक्टरला विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी ॲस्पिरिन, डिस्प्रिनसारखी, चावून खातात, ती फाटत जाणारी पाठीतली कळ असेल तर मात्र अजिबात नाही. आणि सोसायटीतले काका जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट, म्हणजे नसा सैल करणारी गोळी, देतील, स्वतःच्या मनाने घेऊ नका, बीपी धाडकन पडू शकतं, आणि कोणी व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर जिवावर बेततं, तशी घेतली असेल तर लाज न बाळगता डॉक्टरला सांगायचं.

घाई एवढ्यासाठी की नस बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरतो आणि मेलेला परत येत नाही. अँजिओप्लास्टीची सोय असेल तर दारात पोचल्यापासून दीड तासात नस उघडायची असं हॉस्पिटलांचं उद्दिष्ट असतं, ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते पहिल्या तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं आणि बारा तासांनंतर सहसा उपयोग राहत नाही. गोव्यात ह्यासाठी ‘स्टेमी गोवा’ म्हणून चांगली व्यवस्था उभी केलीय, गावातल्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि इंजेक्शन तिथेच द्यायचं. महाराष्ट्रात पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या हॉस्पिटलमध्ये अँजिओप्लास्टी बसते, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, पण ते शोधायला घरी थांबू नका, मागून कोणीतरी आणेल.

कॅज्युअल्टीत गेल्यावर काय होतं त्याची भीती असते म्हणून सांगतो. शर्ट काढून झोपवतात, छातीवर गार जेल लावून सहा ठिकाणी रबरी बल्ब चिकटवतात, हातापायांना चार क्लिपा, हलू नका म्हणतात, आणि मशीनमधून चौकटीचा लांब कागद सरसरत बाहेर येतो. पाच मिनिटांचं काम, दुखत काही नाही, नियम असा की पोचल्यापासून दहा मिनिटांत हा कागद डॉक्टरच्या हातात हवा. मग रक्तातलं ट्रोपोनिन बघतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं, पण वाढायला काही तास लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी थोड्या तासांनी दुसरा काढतात. तेव्हा ‘पहिला नॉर्मल आला ना, चला घरी’ असा हट्ट धरू नका. पहिला ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो, दुखणं चालू असेल तर परत काढायला सांगायचं, त्यात काही आगाऊपणा नाही.

एक आपल्या घराघरातली अडचण आहे. डॉक्टर विचारतात, सिगरेट ओढतोस का, आणि बेडच्या उशाशी बाबा उभे असतात. पोरगा मान हलवतो, नाही. तिथेच सगळा हिशोब चुकतो, समोर पंचविशीतला न ओढणारा मुलगा आहे असं समजून विचार केला जातो. बाबांना सरळ पाणी आणायला पाठवा, किंवा डॉक्टरला हळूच सांगा एकट्यात बोलायचंय, आणि किती ओढतो, शेवटची कधी ओढली, व्हेप, हुक्का, गांजा सगळं खरं सांगा. डॉक्टर घरी फोन करून सांगत नाहीत.

वरचं धोक्याचं काहीच नाहीये, पण महिनाभर येऊन-जाऊन दुखतंय, अशांनी त्याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनला दाखवा, पुढच्या महिन्यात बघू असं नको. चालताना किंवा जिना चढताना दुखतं आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत थांबतं, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा, मग ते कितीही हलकं असो. आणि हेच दुखणं पूर्वीपेक्षा कमी चालल्यावर किंवा बसल्या बसल्या व्हायला लागलं तर वर सांगितलेल्या पळायच्या यादीत गेलात. जाताना घरची हिस्ट्री विचारून जा, वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आई-बहिणीला ६५च्या आत हृदयाचा त्रास झाला असेल तर ते आधी सांगायचं. ईसीजी, छातीचा एक्स-रे, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी एवढं साधारण करतात, गरज वाटली तर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, किंवा पुढचं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयासारख्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून ह्या तपासण्यांचे पैसे लागत नाहीत.

सिगरेट सोडण्याबद्दल भाषण देत नाही, फक्त कामाचं सांगतो. शेवटची ओढल्यापासून वीस मिनिटांत ठोके आणि बीपी उतरायला लागतात, एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जातो, आणि वर्षभरात हृदयरोगाचा जादा धोका साधारण निम्मा होतो. पाकिटावर जो नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, तो तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा आहे आणि फुकट आहे. निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगगम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, फक्त ती बबलगमसारखी सारखी चघळायची नसते, चार-दोनदा चावून तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत चावायची, नाहीतर सगळं निकोटिन पोटात जातं आणि उचकी, मळमळ सुरू होते. छातीत दुखल्याचं अजून काही निदान झालं नसेल तर गमसुद्धा डॉक्टरला विचारूनच.

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो आणि छाती भरल्यासारखी वाटते, कारण श्वासनलिका साफ करणारे बारीक केस परत कामाला लागलेले असतात. पुष्कळ जण इथेच ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो’ म्हणून परत सुरू करतात. तो खोकला हळूहळू कमी होत जायला हवा. होत नसेल, ताप असेल, कफात रक्ताची एक रेघ जरी दिसली, तर सिगरेट सोडल्यामुळे होतंय म्हणून थांबू नका, एक्स-रे काढून घ्या.